पाठकसरांचं लॉगिन काढताना

त्या दिवशी आमच्या गल्लीला पाणी यायचं होतं. या शहरात राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कितव्या का दिवशी होईना, नळ आला की घरातली बाकीची सगळी कामं बाजूला पडतात. मी टाकीत पाइप सोडून उभी होते आणि एक डोळा दाराबाहेरच्या ड्रमवर होता, तेवढ्यात मंगलकाकूंचा फोन आला. सकाळचे सव्वासात वाजले असतील. काकू इतक्या लवकर कधी फोन करत नाहीत. मी 'हॅलो' म्हणाले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "अर्चना, हे गेले गं." त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा टाकी भरून पाणी स्वयंपाकघरभर झालं होतं, आणि नवरा पाइप हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा होता. "पाठकसर," मी म्हणाले. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

मुकुंद पाठक हे नाव या पुरवणीच्या वाचकांच्या ओळखीचं असण्याचं काही कारण नाही. सर कधी कुठल्या व्यासपीठावर बसले नाहीत, त्यांचा कुठं सत्कार झाला नाही. त्यांचं कामच असं होतं, की ते नीट झालं तर कुणाला कळत नाही आणि बिघडलं तरच लोक विचारतात, कोण होता तिथं? आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सर्व्हर सांभाळायचे. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर चालते तो सर्व्हर, आणि त्या वेबसाइटची सगळी माहिती जिथं साठते तो डेटाबेस. त्या डेटाबेसमध्ये कुणी, कोणत्या नावानं, कोणत्या पासवर्डनं शिरायचं आणि शिरल्यावर कुठपर्यंत जायचं, हे ठरवणं आणि राखणं, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. 'एवढंच' असं मी लिहिते आहे खरी, पण त्या 'एवढंच'ची किंमत मला कशी कळली, ते सांगण्यासाठीच आज हे लिहायला बसले आहे. त्यातली एक गोष्ट मी घराबाहेर आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मी गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिक्षण संपवून शहरात आले आणि सिडकोत एका मेडिकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कंपनी होती, तिथं लागले. आम्ही मोजून नऊ-दहा जण होतो. सर माझ्यानंतर सहा महिन्यांनी आले. त्याआधी ते वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर रूम बघायचे आणि बजाजनगरात राहायचे. कारखान्यानं तो विभाग बंद केला आणि पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर सरांना नवी नोकरी शोधावी लागली. आमच्यात सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. त्यात हा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात शिसपेन्सिल असलेला माणूस आला, तेव्हा आम्हाला वाटलं हिशेबनीस असावेत. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाशी ओळख करून घेण्याआधी आमचा कोड उघडून वाचायला घेतला. दुपारपर्यंत वाचला. मग चष्मा काढून, डोळे चोळून त्यांनी विचारलं, "हा पासवर्ड किती जणांना माहीत आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरं उत्तर होतं, सगळ्यांना. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड, म्हणजे ज्यानं काहीही वाचता येतं, बदलता येतं आणि पुसूनही टाकता येतं तो, आमच्या कोडमध्येच सरळ अक्षरांत लिहिलेला होता. ती फाईल आमच्या प्रत्येकाच्या मशीनवर होती, पेन ड्राइव्हवर होती, जुन्या मेलमध्ये होती. पुण्याला निघून गेलेल्या दोघांकडेही ती असणारच. आमचे मालक म्हणाले, "पाठक, सगळं चालतंय ना? मग?"

"चालतंय म्हणूनच भीती वाटते," सर म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. पासवर्ड कोडमधून काढला आणि एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. ती फाईल वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर, बाहेरच्या जगाला कधी दिसणार नाही अशा जागी. ती वाचायची परवानगी फक्त वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामला, आम्हा कुणालाच नाही. मुख्य लॉगिन त्यांनी बाजूला ठेवलं आणि वेबसाइटसाठी दुसरं, कमी अधिकारांचं लॉगिन तयार केलं. ते माहिती वाचू शकेल, नवी भरू शकेल, बदलू शकेल, पण काही पुसू शकणार नाही. अहवाल काढणाऱ्यांसाठी आणखी एक, नुसतं वाचणारं. आणि नियम घालून दिले. पासवर्ड मोबाइलवरून पाठवायचा नाही, मेलवर तर नाहीच. कोडमध्ये लिहायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आणि माणूस कंपनी सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचं लॉगिन काढायचं, त्याला माहीत असलेले पासवर्ड बदलायचे. मग तो कितीही जवळचा असो. आम्ही त्यांचं नाव ठेवलं, किल्लेदार. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "दौलताबादचा किल्लासुद्धा कुणी लढून घेतला नाही म्हणतात. आतूनच कुणीतरी दार उघडलं."

त्यांचे वडील तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. कुणाच्या जमिनीचं काय आहे, कुणाच्या घरात कशावरून वाद आहेत, हे सगळं त्या माणसाला ठाऊक. पण घरी जेवताना त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही, असं सर सांगायचे. "अण्णा म्हणायचे, कागद सरकारचा असतो, पण त्यावरचं दुःख ज्याचं त्याचं असतं." हे सांगताना सरांचा आवाज वेगळाच व्हायचा. मला तेव्हा या सगळ्याचा कंटाळा यायचा, हे कबूल करते.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. एका मागोमाग दोन पावसाळे कोरडे गेले. तिकडे धरणाचा तळ दिसायला लागला आणि इकडे शहर मात्र फुगतच चाललं होतं. बीड बायपासपलीकडं, सातारा आणि देवळाई या उपनगरांकडं एकामागून एक इमारती उठत होत्या. बोअर सहाशे फुटांवर कोरडं निघालं तरी फ्लॅटच्या जाहिराती लागत होत्या. ऑफिसच्या दारात एक कडुनिंबाचं रोप होतं. सर एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून रोज संध्याकाळी त्याला घालायचे. बादली भरली नाही तर हिरमुसायचे. त्याच उन्हाळ्यात एका सेवाभावी संस्थेचं काम आमच्याकडं आलं. संस्था गावोगाव टँकर पाठवायची. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी किती खेपा, कोणता ड्रायव्हर, गावात टँकर उतरवून घ्यायला कोण, हे सगळं एका वेबसाइटवर चालायचं. प्रत्येक गावातल्या काही बायांचे मोबाइल नंबर त्यात होते. टँकर निघाला की त्यांना निरोप जायचा, म्हणजे त्यांनी उन्हात तासन् तास ताटकळू नये. हे निरोपाचं काम मी केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्या गावाचं नाव त्या यादीत होतं. माझ्या आईचा नंबर त्या यादीत होता.

मे महिन्यात मी चार दिवस गावी गेले होते. तिथूनच संस्थेचा फोन आला, की खेपांचं पान उघडत नाही. मी घराच्या माळवदावर, नेटवर्क मिळेल त्या कोपऱ्यात बसून सर्व्हरवर शिरले. काय बिघडलंय ते बघायला मला पासवर्डची फाईल हवी होती, आणि ती वाचायची परवानगी मला नव्हती. मी सरांना फोन केला. त्यांनी तेवढ्यापुरती परवानगी दिली आणि बजावलं, "काम झालं की सांग, मी काढून घेतो. आणि फाईल जागची हलवू नकोस." मी हलवली नाही. मी तिची प्रत केली. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या नावानं, शेवटी 'जुनी' अशा अर्थाचं शेपूट लावून, चाचणीपुरती... पान सुरू झालं. आईनं खालून जेवायला हाक मारली. मी लॅपटॉप मिटला, सरांना 'झालं' म्हणून कळवलं आणि ती प्रत पुसायची विसरले.

इंटरनेटवर अशा विसरलेल्या फाईली शोधत फिरणारे असतात. ते माणसं नसतात, प्रोग्राम असतात. ते दिवसरात्र हजारो दारं ढकलून बघतात. नऊ-दहा दिवसांनी त्यातल्या एकाला माझी फाईल सापडली. नुसता पासवर्ड मिळून भागत नाही, आत शिरायला वाटही लागते. ती वाटही होती. मालकांना घरबसल्या आकडे बघता यावेत म्हणून डेटाबेस बघायचं एक पान बाहेरून उघडं ठेवलेलं होतं. ते बंद करा म्हणून सर तीनदा म्हणाले होते.

हे आम्हाला कसं कळलं? माझ्या आईच्या फोनवरून कळलं. सकाळी अकराच्या सुमारास तिनं मला ऑफिसात फोन केला. "आगं, टँकर कुठं हाय? निरोप बी नाय आला, टँकर बी नाय आला. बाया उन्हात बसल्यात सगळ्या. तुझ्या हापिसात इचार की जरा." मी हसत हसत पान उघडलं. त्या दिवसाच्या खेपांपुढची गावांची नावं गायब होती. तिथं इंग्रजीतली भलतीच अक्षरं भरलेली होती. ड्रायव्हर सकाळी गाड्या भरून उभे होते आणि कुठं जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

सरांनी खुर्ची ओढली. पहिल्यांदा बाहेरचं ते पान बंद केलं, मग पासवर्ड बदलला, मग सर्व्हरवर कोण कधी शिरलं त्याच्या नोंदी वाचायला लागले. आत शिरलेल्यानं पहिल्यांदा सगळंच पुसून टाकायचा प्रयत्न केला होता. ते त्याला जमलं नव्हतं, कारण वेबसाइटच्या त्या लॉगिनला पुसायचा अधिकारच नव्हता. म्हणून त्यानं जे दिसलं ते बिघडवलं आणि जाताना नंबरांची सगळी यादी उतरवून घेतली. आदल्या दिवशीच्या माहितीची प्रत सरांकडं वेगळी ठेवलेली होती, त्यामुळं दुपारी दोनपर्यंत खेपा पूर्ववत झाल्या. पण त्या दिवशी कित्येक गावांना पाणी संध्याकाळीच पोचलं. आमच्या गावालाही.

नोंदींमध्ये ती फाईल होती. फाईल कुणी तयार केली ते सर्व्हरला ठाऊक असतं. सरांच्या पडद्यावर माझं नाव होतं, हे मी त्यांच्या मागं उभी राहून बघितलं. त्यांनी ती ओळ वाचली, हे मला त्यांच्या थांबलेल्या बोटांवरून कळलं. मग त्यांनी पुढची नोंद वाचायला घेतली. दुपारनंतर संस्थेची माणसं आली, मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मालक तापलेले होते. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मी टेबलाच्या कडेला बसले होते. मी बोलणारच होते, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण मी बोलले नाही.

"सर्व्हरची जबाबदारी माझी आहे," सर म्हणाले. "तिथं जे काही राहिलं, ते माझ्याकडून राहिलं." उघड्या पानाबद्दलही ते बोलले नाहीत. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. इतकी वर्षं इमानानं काम केलेल्या माणसानं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. जिन्यात ते मला म्हणाले, "आईला फोन कर. टँकर पोचला का विचार." बस्स, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी मालकांकडं एक गोष्ट मागितली. ज्यांचे नंबर गेले त्या प्रत्येक बाईला फोन करून ते सांगायचं. मालक म्हणाले, "कशाला? कुणाला कळणार आहे?" सर म्हणाले, "म्हणूनच. नंबर त्यांचा आहे. तो आपल्या हातून गेला, हे त्यांना आपण नाही सांगायचं तर कुणी?" मालकांनी हात झटकले. संस्थेच्या बाईंनी मात्र होकार दिला. मग तीन दिवस सर आणि मी, समोरासमोर बसून, दोन फोनवर. बहुतेकींना आमचं म्हणणं नीट कळतही नव्हतं. सिल्लोडकडची एक म्हातारी मला म्हणाली, "नंबर गेला तर जाऊ दे माय, पाणी कधी येतंय ते सांग." सर सरळसाध्या भाषेत समजावून सांगायचे. अनोळखी फोन आला तर काही सांगू नका, कुणी बँकेचं नाव घेतलं तरी बोलू नका. आणि प्रत्येकीला शेवटी म्हणायचे, "चूक आमची आहे, माफ करा." प्रत्येकीला. एकदाही घाईत नाही.

तिसऱ्या दिवशी मी एक फोन लावला. तिचं नाव, तिचं गाव मी इथं लिहिणार नाही. सरांना ते आवडलं नसतं. माझं सांगून झालं. मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, त्यात माझं गाव पण लिहिलेलं व्हतं का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मी हितं आलेली हाय, ते माझ्या नवऱ्याला ठावं नाय. नंबर बी त्यासाठीच बदलला व्हता... आता?" माझ्या हातून फोन टेबलावर ठेवला गेला. सरांनी तो उचलला. ते तिच्याशी किती वेळ बोलले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या बाईंना घेऊन तिच्याकडं जाऊन आले, तिला नवीन नंबर मिळवून दिला, तिथल्या सरपंचबाईंना सांगून तिच्या राहण्याची सोय तिच्या मावशीकडं, दुसऱ्या गावाला करून दिली. तिचा नवरा तिथवर कधी पोचला नाही, असं मला पुढं कळलं. पण तिला पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलावं लागलं ते माझ्यामुळं. हे मी विसरलेले नाही.

त्या दिवशी सरांनी तिचा फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हणाले, "सर, ती फाईल माझी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी शिसपेन्सिल खिशात ठेवली. "तू बोलशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "बोललीस. झालं." मी तशीच उठून मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला काढून टाकलं असतं तर ते चुकीचं झालं नसतं. पण सर माझ्या मागोमाग आत आले आणि म्हणाले, "ही चूक हिच्याकडून पुन्हा होणार नाही. नवीन माणूस घ्याल, त्याच्याकडून व्हायचीच आहे." मालक हसायला लागले. माझी नोकरी त्या हसण्यावर टिकली. सरांबद्दल बैठकीत बोललेलं मात्र मालकांनी कधी मागं घेतलं नाही, आणि सरांनी ते कधी मागितलं नाही.

त्यानंतरची वर्षं बघता बघता गेली. पाऊस पडला, कंपनी वाढली, बायपासवरच्या काचेच्या इमारतीत गेली. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, आम्ही नऊचे साठ झालो. मी सरांच्या हाताखाली सर्व्हरचं काम शिकले आणि पुढं त्या विभागाची प्रमुख झाले. सर माझ्या हाताखाली आले, पण त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. नवीन मुलामुलींना ते पहिल्या दिवशी समोर बसवायचे आणि पासवर्डचे नियम सांगायचे. मुलं आमच्यासारखीच कंटाळायची. तेव्हा ते त्या बाईची गोष्ट सांगायचे, नाव-गाव गाळून. आणि ती फाईल कुणी ठेवली होती, तेही गाळून. मी शेजारच्या टेबलावर ऐकत असायचे... दरवेळी.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मग तीनदा. हातावर सूज यायची, शर्टाची बाही वर सरकत नसे. तरी जमेल तसे ऑफिसला येत राहिले. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी यायचं थांबवलं. मार्चच्या सुरुवातीला मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. सर उशीला टेकून बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "अर्चना, माझं लॉगिन अजून आहे गं."

"असू द्या सर."

"नियम काय आहे?"

नियम मला पाठ होता. माणूस सोडून गेला, की त्याच दिवशी लॉगिन काढायचं. "तुम्ही कुठं सोडून चाललाय," मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "काढून टाक. मी असताना काढ. नंतर तुला जड जाईल." मी मान हलवली.

मला ते जमलं नाही. ऑफिसात जाऊन मी लॉगिनची यादी उघडली. त्यांचं नाव वरून दुसरं होतं. त्यावर बोट ठेवलं आणि यादी बंद केली. तीन दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, "काढलं, सर." त्यांनी उशाखालून आपला जुना लॅपटॉप काढला. माझ्या लक्षात यायला थोडा वेळच लागला. त्यांनी सुजलेल्या बोटांनी एकेक अक्षर दाबलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. ते आत गेले होते.

"खोटं बोललीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वीस वर्षं राखलेल्या दारातून ते दवाखान्याच्या खाटेवर बसून आत आले होते, आणि आत येता आलं म्हणूनच त्यांना वाईट वाटत होतं. "हा लॅपटॉप उद्या घरी जाईल, मग मुलीकडं जाईल, मग कुठं जाईल कुणास ठाऊक. त्या बाईला आपण फोनवर काय सांगितलं होतं? चूक आमची आहे, माफ करा. पुन्हा कुणाला तसं सांगायचंय?"

मी बॅगेतून माझा लॅपटॉप काढला. तिथंच, त्यांच्या पायाशी असलेल्या स्टुलावर बसून सर्व्हरवर गेले. काकू परत आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. मी यादी उघडली आणि त्यांचं नाव काढलं. त्यांना माहीत असलेले पासवर्ड एकेक करून बदलले. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागली. नर्स येऊन नळी बघून गेली. "झालं," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

त्यांनी पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. एकदा. मग दुसऱ्यांदा, नीट बघून, सावकाश. पडद्यावर नकाराची ती ओळ आली. आम्ही रोज दहादा बघतो तीच. त्यांचा चेहरा उजळला. "बघ," ते म्हणाले, "आता नाही येता येत." आणि त्यांनी लॅपटॉप मिटून काकूंच्या हातात दिला.

त्यानंतर ते अकरा दिवस होते.

आता दीड महिना झाला. गेल्या रविवारी या लेखासाठी त्यांचा फोटो हवा होता म्हणून मी सातारा उपनगरातल्या त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा केला. "फोटो यांच्या मोबाइलवरच आहेत सगळे," त्या म्हणाल्या. "थांब, मला येतो उघडता. यांनी शेवटी शेवटी शिकवला." त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला आणि आकडे दाबायला लागल्या. थोड्या वेळानं त्या थांबल्या. "अगं, तू तिकडं काय बघतेस?"

मी गॅलरीकडं तोंड करून बसले होते. आपण कधी वळलो ते मला कळलंच नव्हतं.

काकू हसल्या, कितीतरी दिवसांनी. "हे पण असंच करायचे," त्या म्हणाल्या. "कुणी पासवर्ड टाकायला लागलं, की यांचं तोंड दुसरीकडं. एटीएममध्ये माझ्याबरोबर यायचे आणि भिंतीकडं बघत उभे राहायचे. मला आधी वाटायचं रुसलेत. मग एकदा विचारलं, अहो, मला काय लपवायचंय तुमच्यापासून? तर म्हणाले, लपवायचं नाही गं. तुझं आहे ते तुझंच राहू दे."

मागून आकडे दाबल्याचा बारीक आवाज आला, एक, दोन, तीन, चार... समोर गॅलरीत सरांचा टॉवेल दोरीवर तसाच होता. त्यापलीकडं नवीन इमारतीचे मजले, आणि त्यावर दुपारचं ऊन.

"उघडला," काकू म्हणाल्या. "हे बघ, हा चांगलाय ना? ... झालं गं अर्चना. वळ आता."

मला वळता येईना.